आधी इशारा की आधी उदाहरण?

पुण्याला सुधारक नवे नाहीत. १८८८ साली आगरकरांनी त्याच नावाचं पत्र काढलं, आणि आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, या प्रश्नावरून या गावाने जिवाभावाच्या मैत्र्या मोडून दाखवल्या. त्या वंशातला बहुधा शेवटचा पुरुष सध्या कोथरूडात राहतो, कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो आणि सर्व्हर सांभाळतो. समाज सुधारण्याची उमेद त्याने सोसायटीच्या एका सर्वसाधारण सभेनंतर कायमची सोडली. आता तो एका कमांडचं पान सुधारतो.

कमांडचं नाव पार्टेड. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर हे नाव आणि डिस्कचा पत्ता टाइप केला की डिस्कचे भाग पाडता येतात, मोडता येतात, लहानमोठे करता येतात. चित्र नाही, बटण नाही, माउसचा उपयोग शून्य. आधाराला एवढंच, की 'मॅन पार्टेड' असं लिहिलं तर माहितीचं एक पान उघडतं. हे पान कोणी वाचत नाही. म्हणजे वेळेवर वाचत नाही. डिस्क गेल्यावर सगळेच वाचतात, आणि तेव्हा एकादशीला पोथी वाचणाऱ्यालाही लाजवतील इतक्या एकाग्रतेने वाचतात.

सुधारक आधी वाचतो. हा त्याचा मूळ दोष, बाकीचे सगळे यातून निघालेले. घरात नवा मिक्सर आला की त्याची पुस्तिका मुखपृष्ठापासून वॉरंटीच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचून होईस्तोवर चटणी थांबते. औषधाच्या खोक्यातली ती बत्तीस घड्यांची चिठ्ठी तो उलगडतो, वाचतो, आणि, मला हे पाहूनही खरं वाटलं नव्हतं, पुन्हा तशीच घडी घालून ठेवतो. सर्व्हरशी संबंध असलेल्या बहुतेक ऑफिसांत असा एक इसम असतोच. ओळखायची खूण सोपी. इतरांच्या टेबलावर आडवे मॉनिटर असतात, याचा उभा असतो. पानं उभी असतात, असं त्याचं म्हणणं.

नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी इतिहास सांगतो. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. प्रत्येक कमांडला नाव, वापरायची रीत, वर्णन आणि शेवटाकडे 'बग्स' असं एक सदर. माणसाने स्वतःच्या कामाखाली स्वतःच्या हाताने आपल्या चुका छापाव्यात, ही सुधारकाला संस्कृतीची परमावधी वाटते. सोसायटीच्या वार्षिक अहवालातही असं सदर असावं, असा ठराव त्याने मांडला होता. ही तीच सभा. अनुमोदक मिळाला नाही.

बीएसडी युनिक्समधली एक गोष्ट तो चहाच्या टपरीवर हमखास सांगतो. फाइल सिस्टीमची जुळवाजुळव करणाऱ्या ट्यूनएफएस या कमांडच्या पानावर, बग्सच्या खाली, कोणीतरी माशावरून एक पाणचट कोटी केलेली आहे. पुढे त्या पानाच्या मूळ फाइलमध्ये, वाचकाला दिसणार नाही अशा जागी, एक शाप लिहिला गेला: ही कोटी जो काढील त्याच्या मागे युनिक्सचं पिशाच्च लागेल, ते थेट संगणकाचं घड्याळ उलटेपर्यंत. बत्तीस बिटांच्या हिशेबाने ते घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला उलटतं. पोरं हसतात. सुधारक हसत नाही. शाप त्याला रास्तच वाटतो. त्याची तक्रार फक्त जागेबद्दल आहे. शाप दिसेल असा, आणि कोटीच्या वर हवा होता.

वर की खाली, हाच त्याच्या आयुष्याचा प्रश्न. तो समजायला पार्टेडची थोरली भावंडं माहीत हवीत. एफडिस्क ही जुन्या वळणाची कमांड. उघडली की आधीच बजावते, की तुम्ही कराल ते सध्या माझ्या स्मरणात राहील, 'डब्ल्यू' दाबाल तेव्हाच डिस्कवर जाईल. तोवर चार भाग पाडा, सहा मोडा, 'क्यू' दाबून बाहेर या, काहीही घडलेलं नसतं. एफडिस्कवर वाढलेला माणूस त्यामुळे निर्धास्त असतो. मग केव्हातरी मोठी डिस्क येते. जुन्या एमबीआर तक्त्यात ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर दोन टेराबाइटपलीकडे मोजदाद जात नाही, जीपीटी तक्ता लागतो, आणि एफडिस्कला तो बरीच वर्षं येत नव्हता. तेव्हा हा निर्धास्त माणूस आपला सगळा निर्धास्तपणा घेऊन पार्टेडकडे आला.

पार्टेडमध्ये 'डब्ल्यू' नाही. 'आरएम २' लिहून एंटर मारला की दोन नंबरचा भाग तक्त्यातून गेला. माणूस म्हणतो, अरे, हा नव्हे, आणि सवयीने 'क्यू' दाबून बाहेर पडतो. निरोपाला पार्टेड अतिशय सभ्यपणे सुचवते, की आपल्याला एफएसटॅबची फाइल अद्ययावत करावी लागण्याची शक्यता आहे.

"शक्यता!" सुधारक म्हणतो. "घर जळालेल्या माणसाला पोस्टात पत्ता बदलून घ्यावा लागण्याची शक्यता आहे, असं सांगतात का?"

म्हणून त्याला एकच वाक्य घालायचं आहे. इथे केलेला बदल त्याच क्षणी डिस्कवर लिहिला जातो, बाहेर पडल्याने तो रद्द होत नाही. हे वाक्य असावं की नाही, यावर त्याचं कोणाशी भांडण नाही. भांडण जागेवरून. सुधारकाचा सिद्धांत असा: माणूस पान उघडतो, पहिलं उदाहरण दिसेपर्यंत खाली सरकतो, ते उचलतो, चिकटवतो आणि एंटर मारतो. उदाहरणाच्या खाली जे काही लिहिलेलं असतं ते फक्त चौकशी समितीसाठी. तेव्हा आधी इशारा, मग उदाहरण.

कमांड सांभाळणाऱ्या मंडळींची बाजूही लंगडी नाही. मॅनचं पान हे संदर्भासाठी असतं, बालबोध पुस्तक नव्हे. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर इशारा बसवला तर डोळ्याला इशारे वगळून पुढे जायची सवय लागते, घाटातल्या पाट्या कोण वाचतो? मला स्वतःला हे म्हणणं बरंच पटतं. सुधारकाला हे सांगायच्या फंदात मी पडलेलो नाही, कारण मला संध्याकाळी घरी जायचं असतं.

एका वाक्याची दुरुस्ती पाठवणं म्हणजे काय, याचीही कल्पना द्यायला हवी. वाक्य एका ओळीचं असतं, त्याच्या समर्थनाचा मजकूर दोन पडदे भरून. आधी तो प्रयोग करतो, पण खऱ्या डिस्कवर कधीच नाही. एक गिगाबाइटची रिकामी फाइल तयार करून तिलाच डिस्क समज असं पार्टेडला सांगतो, तिच्यावर भाग पाडतो, मोडतो, टिपणं काढतो. मग दुरुस्ती जाते. उत्तर रात्री दीडला येतं, कारण पलीकडे तेव्हा कामाची वेळ असते. उत्तरात लिहिलेलं असतं की आशय विचार करण्याजोगा आहे, मात्र पार्टेड ज्या ग्नू प्रकल्पातली, त्याच्या रीतीप्रमाणे पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा हव्यात, तुम्ही एकच सोडली आहे. शिवाय ग्नूची खरी सविस्तर पोथी 'इन्फो' नावाच्या वेगळ्याच वाचकात उघडते, मॅनचं पान म्हणजे तिची वामकुक्षीपूर्वीची आवृत्ती, तेव्हा बदल कुठे करायचा हा स्वतंत्र वाद. सुधारक रात्री दीडला उठून दुसरी मोकळी जागा घालतो. बायको विचारते, "अहो, कुणाचा फोन?" तो म्हणतो, "कुणाचा नाही, पूर्णविराम आहे." ती कूस बदलते. सवयीची झाली आहे.

त्याच्या यादीत आणखी बरंच आहे. सगळ्यात लाडकं प्रकरण 'प्रायमरी'चं. एमबीआरच्या काळात चारच मुख्य भाग पाडता यायचे, म्हणून नवा भाग पाडताना 'प्रायमरी' की 'लॉजिकल' ते सांगावं लागे. जीपीटीत हा भेदच उरला नाही. पण पार्टेडच्या एमकेपार्ट आज्ञेत ती जागा राहिली, आणि जीपीटी डिस्कवर त्या जागी लिहिलेला शब्द भागाचं नाव म्हणून नोंदला जातो. लोक जुन्या सवयीने 'प्रायमरी' लिहीत गेले. पार्टेडने ते नाव बिनतक्रार ठेवलं. कितीतरी डेटा सेंटरांमध्ये 'प्रायमरी' नावाचे भाग ओळीने नांदत आहेत, आणि आपल्याला हे नाव कसं पडलं हे त्यांच्या मालकांनाही ठाऊक नाही. सुधारक कुठल्याही नव्या सर्व्हरवर गेला की आधी 'प्रिंट' लिहून तिथे कितीजण आहेत ते पाहून घेतो आणि मान हलवतो.

त्याच आज्ञेत पुढे एक्स्ट-फोर असंही लिहिता येतं. लोकांना वाटतं झाली फाइल सिस्टीम तयार. ती होत नाही, फक्त भागावर तशी खूण होते, आणि मॅन्युअलात हे स्वच्छ सांगितलेलं आहे. तरी पोरं थेट माउंट करायला जातात, आणि माउंट कमांड तिचं ते सुप्रसिद्ध उत्तर देते: फाइल सिस्टीमचा प्रकार चुकला असेल, पर्याय चुकला असेल, सुपरब्लॉक बिघडला असेल, काही साहाय्यक वस्तू सापडत नसेल, नाहीतर दुसरीच काही चूक असेल. 'दुसरीच काही चूक' ऐकताना सुधारक डोळे मिटून घेतो. एवढी व्यापक आणि एवढी निरुपयोगी माहिती एका ओळीत बसवणाऱ्याबद्दल त्याला मत्सर वाटत असावा.

एककांच्या बाबतीत तर तो कोणाचंच ऐकत नाही. दहा लाख बाइट म्हणजे मेगाबाइट आणि १०,४८,५७६ बाइट म्हणजे मेबिबाइट, असा निवाडा आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ साली दिला. पार्टेड तो पाळते, विंडोज पाळत नाही, म्हणून एक टेराबाइटची डिस्क तिथे ९३१ जीबीची दिसते आणि शेजारचे आजोबा दुकानदाराने फसवलं म्हणून तणतणत सुधारकाकडे येतात. तासाभराने ते दुकानदाराला माफ करून परत जातात. 'मेबिबाइट' हा शब्द चारचौघांत तोंडाने उच्चारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

घरच्या संभाषणावर या सगळ्याचा परिणाम न होता तर नवल. "येताना कोथिंबीर आणा" या वाक्यात त्याला तीन पर्याय गृहीत धरलेले दिसतात, आणि नसल्यास काय करावं ते दिलेलं नाही. गीझरच्या बटणावर त्याने चिकटवलेल्या सूचनेत इशारा वर आहे, कृती खाली आहे आणि शेवटी 'हेही पाहा: बादली' असं आहे. सासूबाईंनी ती सूचना वाचली, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, पाणी तापतं ना? मग झालं."

अलीकडे मात्र तो खुशीत होता. पोरं आता पान उघडतच नाहीत, चॅटबॉटला विचारतात. आम्हाला वाटलं हा खचेल. उलट त्याचं म्हणणं असं, की मॅनचं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा इतिहासातला हा पहिलाच वाचक. त्याच वाचकाने त्याला पार्टेडचं उदाहरण विनाइशारा दिलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता. "मधलं वगळतो," एवढंच म्हणाला.

पलीकडून मंजुरी येण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही हे ओळखून मग त्याने ऑफिसच्या विकीवर स्वतःचीच मार्गदर्शिका लिहायला घेतली. इशारा वर, उदाहरण खाली. तिथे मालक तोच, मंजुरी देणाराही तोच. ठळक अक्षरांतलं ते एक वाक्य पहिल्या ओळीत बसलं त्या दिवशी त्याने सगळ्यांना साबुदाणा वडे दिले.

वडे पचायच्या आत नागपूरहून बदलून आलेली एक मुलगी त्याच्या टेबलाशी उभी राहिली. "सर, तुमच्या उदाहरणात एसडीबी लिहिलंय ना, ते माझ्या मशीनवर बॅकअपच्या डिस्कचं नाव निघालं. रीबूट झाल्यावर ही अक्षरं बदलू शकतात. तर तुमच्या इशाऱ्याच्या वर एक ओळ हवी होती, की आधी एलएसबीएलके चालवून आपली डिस्क ओळखून घ्या. आणि शक्यतो बाय-आयडीचा पत्ता वापरा."

सुधारकाने चष्मा काढला. "इशाऱ्याच्या वर?"

"हो सर. कारण लोक इशारा वाचतात, पण चुकीच्या डिस्कवर बसून वाचतात."

"हे बघ," तो म्हणाला, "डिस्क ओळखून घ्यावी हे उघडच आहे. ही मार्गदर्शिका आहे, बालबोध पुस्तक नव्हे. प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर आणखी एक गोष्ट ठेवत गेलो तर वाचणार कोण?"

मुलगी चिकाटीची होती. तिने रीतसर दुरुस्ती पाठवली, सोबत दोन पडदे भरून समर्थन जोडलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. शेऱ्यात सुधारकाने लिहिलं होतं, की आशय विचार करण्याजोगा आहे, मात्र पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा सोडाव्यात.