श्री. एनडीएम-1 यांस अनावृत पत्र

श्री. एनडीएम-1,
मु. गटार, जलवाहिनी आणि जागा मिळेल तिथे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा सत्कार राहून गेला. शहराचे नाव सातासमुद्रापार नेणाऱ्याला आपल्याकडे शाल-श्रीफळ मिळते. तुम्ही तर जीवाणूच्या पोटातले एवढेसे जनुक. पण तुम्ही घडवता त्या विकराचे (एन्झाइमचे) नाव काय, तर ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ’! 2008 साली स्वीडनमधल्या एका रुग्णात तुम्ही प्रथम सापडलात. त्याआधी तो दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून हे बारसे. त्यावर देशात केवढा गहजब झाला! तुमच्यामुळे नव्हे हो, नावामुळे. राजधानीची बदनामी, परदेशी रुग्णांना पळवण्याचा डाव, संसदेत चर्चा. अखेर जानेवारी 2011 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. देशाची अब्रू वाचली. तुम्ही होतात तिथेच राहिलात.

तिथे म्हणजे कुठे, हे त्याच वर्षी एप्रिलमध्ये कळले. आदल्या वर्षी दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नटूनथटून बसली होती, नेमक्या त्याच दिवसांत काही संशोधक बाटल्या घेऊन हिंडत होते. नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये आणि रस्त्याकडेला साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 मध्ये तुम्ही हजर! शिवाय पटकी आणि आमांशाच्या जंतूंच्या घरीही बिऱ्हाड थाटलेले. एका जंतूतून दुसऱ्यात जाताना तुम्हाला ना भाडेकरार लागतो, ना पोलीस पडताळणी. कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली शेवटची औषधेही तुमच्यापुढे हात टेकतात. सरकारी आक्षेप मात्र वेगळाच होता : नमुने परवानगी न घेता परदेशी नेलेच कसे? बाटलीत काय निघाले यापेक्षा बाटली कोणी नेली, याची काळजी मोठी.

नळापर्यंत तुमचा प्रवास आम्ही किती सोयीचा केला आहे, ते तुम्हीच जाणता. दिवसातून तासभर पाणी सोडायचे आणि मग नळ कोरडा. पाणी गेले की पाइपातला दाब पडतो. शेजारून गटार वाहत असते, सांधा गळका असतो, आणि बाहेरची घाण आपसूक आत ओढली जाते. तेवढ्याने भागत नाही म्हणून आम्ही टिल्लू पंप लावून जोरात ओढतो. दुसऱ्या दिवशी नळ आधी खाकरतो, मग चहाच्या रंगाची बादलीभर धार येते. ती आम्ही जिन्यावर ओततो. पुढची बादली पारदर्शक दिसली की माठ भरतो. पारदर्शक पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा आमचा शोध. तुम्हाला त्याची गंमत वाटत असेल.

तुमच्या भाईबंदांच्या तालमीचीही सोय आहे. हैदराबादजवळ पटांचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून सोडतात. 2007 साली त्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सापडले. एवढी मात्रा ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही नसते! अशा पाण्यात जो तगतो, तो पुढे कोणत्या गोळीला भीक घालणार? सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा 2020 मध्ये निघाला. 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गायब झाल्या. तुमची इतकी वरपर्यंत ओळख असेल असे वाटले नव्हते.

एक खासगीतली गोष्ट विचारतो, रागावू नका. महागड्या सलाइनला दाद न देणारे तुमचे यजमान साध्या क्लोरीनने मरतात, हे खरे ना? पाणी खळखळून उकळले तरी मरतात. नळाच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असे आपले मानक सांगते. म्हणजे तुमच्यावरचा उतारा गावोगावच्या ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पोत्यात पडून आहे. तो टाकीत वेळेवर पडायचा, आणि पाइपात चोवीस तास दाब राहायचा. पण त्यासाठी रस्ता खणून जुनी लाइन बदलावी लागते, आणि जमिनीखालच्या पाइपाला फीत कशी कापणार? त्यापेक्षा स्वयंपाकघरात आरओ बसवणे सोपे. ज्याला परवडते तो बसवतो, उरलेल्यांकडे तुम्ही जाताच.

तरी निर्धास्त असावे. तुमच्याविरुद्ध कृती आराखडा 2017 सालीच मंजूर झाला आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक पाणीपट्टी भरणारा

ता. क. : उत्तर धाडायचे झाल्यास टपालाने धाडावे. नळाने नको.