घरातील पहिला लॅपटॉप : खरेदी, प्रतिष्ठापना आणि देखभाल

घरातील पहिला लॅपटॉप तीन व्यक्ती मिळून विकत घेतात : पैसे देणारी, निवड करणारी आणि वापरणारी. सोयीसाठी पुढील विवेचनात त्यांना खरेदीदार, जाणकार आणि लाभार्थी असे म्हटले आहे. खरेदीदार म्हणजे वडील. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र त्यांनी नोकरीच्या अटीपुरते मिळवलेले असते आणि लॅमिनेट करून कपाटात ठेवलेले असते. जाणकार म्हणजे मावशीचा मुलगा. तो हिंजवडीला असतो. तिथे तो नेमके काय करतो हे मावशीलाही सांगता येत नाही. लाभार्थी म्हणजे बारावी आणि सीईटी पार करून अभियांत्रिकीला प्रवेश मिळवलेली मुलगी. लॅपटॉप तिच्यासाठीच असल्यामुळे तो कोणता घ्यावा याची चर्चा सुरू झाली की तिला चहा ठेवायला पाठवतात.

१. मुहूर्त

लॅपटॉप प्रवेश पक्का झाल्यावर घ्यावा, आधी नाही. शाखा ठरल्याशिवाय यंत्र ठरत नाही. स्थापत्य किंवा यंत्र शाखेत आराखड्यांची सॉफ्टवेअर चालवावी लागतात, तिथे वेगळे ग्राफिक्स कार्ड कामी येते. संगणक शाखेत त्याआधी रॅम लागते. वाणिज्य शाखेला दोन्हींवाचून अडत नाही.

खरेदीदार मात्र दसऱ्यासाठी थांबतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आणि वर सवलती, असे दुहेरी कारण त्याच्याकडे असते. कॉलेज तोवर सुरू झालेले असते. मधल्या काळात लाभार्थी मैत्रिणीच्या घरी जाऊन असाइनमेंट करते आणि मैत्रिणीच्या वडिलांनी जूनमध्येच पूर्ण किमतीला लॅपटॉप घेतल्याबद्दल खरेदीदार त्यांची कीव करतो.

२. अंदाजपत्रक

खरेदीदाराकडे दोन आकडे असतात. चाळीस हजार हा जाहीर आणि पंचावन्न हा मनातला. दुकानदाराला दुसरा आकडा पहिल्या मिनिटात कळतो.

छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो वर वेगळा द्यायचा नसतो. फुकट मिळणारी बॅग आणि माऊस यांवर निर्णय घेऊ नये. ही सूचना आजवर वाया गेली आहे, तरी नोंदवणे कर्तव्य आहे.

३. तांत्रिक बाबी

प्रोसेसर. येथे खरेदीदाराने एकच गोष्ट पाठ केलेली असते : तीनपेक्षा पाच बरा, पाचापेक्षा सात बरा. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही चढण त्याला पगाराच्या श्रेणीसारखी समजते. पण या आकड्याइतकीच प्रोसेसरची पिढी महत्त्वाची असते. चार पिढ्या जुना आय-सेव्हन नव्या आय-फाइव्हपुढे बहुधा मागे पडतो, आणि दुकानात 'सात आहे साहेब, आणि स्वस्तात' म्हणून पुढे केला जातो तो नेमका हाच. शेवटचे अक्षरही पाहावे. 'यू' असेल तर वीज कमी खाणारा, 'एच' असेल तर वेगवान आणि तापणारा. एवढे सगळे खरेदीदाराच्या ध्यानात येईपर्यंत २०२३ च्या अखेरीस इंटेलने नव्या मालिकेच्या नावातून 'आय' काढूनच टाकला आणि 'कोअर अल्ट्रा' आणले. त्याबद्दल खरेदीदाराची जी प्रतिक्रिया होते ती पाठ्यपुस्तकात देता येत नाही.

रॅम. ८ जीबीत भागते, १६ जीबीत सुख आहे. ती पुढे वाढवता येते की बोर्डावर कायमची डाखलेली आहे, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

साठवण. ५१२ जीबीची एसएसडी घ्यावी. घरी आल्यावर पडद्यावर ४७६ जीबी दिसतात. खरेदीदार त्याच संध्याकाळी बिल घेऊन दुकानात जातो आणि उरलेले ३६ जीबी मागतो. दुकानदाराने ते काढून घेतलेले नसतात. कारखाना १०० कोटी बाइट्सना एक जीबी म्हणतो. विंडोज २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट्सना एक जीबी म्हणते. माल तेवढाच, मापे दोन. हे समजावून सांगितल्यावर खरेदीदार मान डोलावतो आणि बाहेर पडताना 'तरी छत्तीस म्हणजे काही कमी नाहीत' असे म्हणतो.

पडदा. माप कर्णाचे असते, रुंदीचे नाही. १५.६ इंची पडदा घरात बरा आणि लोकलमध्ये जड. रोज डोंबिवलीहून पाठीवर न्यायचा असेल तर १४ इंची घ्यावा, आणि वजन पाहताना चार्जरचेही धरावे. जड यंत्र मजबूत असते ही खरेदीदाराची श्रद्धा पिठाच्या गिरणीपुरती योग्य आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेला ऑस्बोर्न १ हा उचलून नेण्याजोगा म्हणवला जाणारा संगणक सुमारे ११ किलोंचा होता आणि त्याचा पडदा ५ इंचांचा होता. खरेदीदाराला तो आवडला असता.

४. बाजारपेठ

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही या खरेदीची पारंपरिक ठिकाणे. मॉडेल ऑनलाइन पाहून ठेवावे आणि किंमत तोंडी विचारावी. किमान तीन दुकाने पालथी घालावीत. पहिल्या दुकानात खरेदीदार फक्त ऐकतो, दुसऱ्यात पहिल्यात ऐकलेले शब्द वापरतो आणि तिसऱ्यात सल्ला देऊ लागतो. संभाषणाचा साचा पुढीलप्रमाणे असतो :

'शेवटचं किती?'
'साहेब, शेवटचंच सांगितलं.'
'बाजूचा दोन हजार कमी म्हणतोय.'
'मग बाजूलाच घ्या साहेब, माल बघून घ्या फक्त.'

या शेवटच्या वाक्यानंतर खरेदीदार बाजूला जात नाही. तो जाणकाराला फोन लावतो. जाणकार मीटिंगमध्ये असतो. अर्ध्या तासाने त्याचा फोन येतो : 'काका, आय-फाइव्ह घ्या. बाकी काही बघू नका.' लाभार्थी शेजारीच उभी असते. तिने तीन मॉडेलांची तुलना करून फोनमध्ये तक्ता तयार ठेवलेला असतो. तो कोणी मागत नाही.

पैसे देण्यापूर्वी करायच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत आणि म्हणूनच राहून जातात. खोक्यावरचा, यंत्राच्या पोटावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच असावा. पडदा आधी पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा करून मेलेले ठिपके पाहावेत. वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करणारी आहे की यंत्र सेवाकेंद्रात नेऊन द्यावे लागते, हे लेखी घ्यावे. 'काही झालं तर मी आहे ना' ही दुकानदाराची हमी मनापासूनची असते. ती दुकानाच्या वेळेत आणि दुकान असेतो चालते.

५. पूजन

यंत्र देवापुढे ठेवण्यास तांत्रिक हरकत नाही. कुंकवाचे बोट झाकणाच्या बाहेरच्या बाजूला, कंपनीच्या नावाशेजारी लावावे. कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारे बटण आणि बाजूच्या जाळ्या वर्ज्य. अक्षता कीबोर्डवर पडल्यास यंत्र उलटे धरून झटकावे. टोकदार पिनने उकरू नये. पळीतील पाणी नुसते दाखवावे. पेढा हातभर दूर ठेवावा, कारण मुंग्यांना कीबोर्डखालची ऊब आवडते.

६. विद्युतजोडणी

पहिल्यांदा आठ तास चार्ज केल्याशिवाय चालू करू नये, हा नियम निकेल बॅटरीच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही. तिला म्हातारपण दोन गोष्टींनी लवकर येते, उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले असणे. यंत्र दिवसभर टेबलावरच चालणार असेल तर कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती वापरावी.

यंत्राचे अंग धातूचे असेल आणि चार्जिंगच्या वेळी मनगटाला झिणझिण्या येत असतील, तर लॅपटॉप बिघडलेला नसून बहुधा घराचे अर्थिंग बिघडलेले असते. चार्जरमधून येणारा अगदी अल्प गळतीप्रवाह तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जायला हवा. जुन्या वायरिंगमध्ये बोर्डाचे तिसरे भोक अनेकदा शोभेपुरते असते. अशा वेळी लॅपटॉप परत करू नये, वायरमनला बोलवावे. दोन पिनांचा जोड लावून तर मुळीच भागवू नये.

येथेच खरेदीदाराची एक सवय नोंदवली पाहिजे. रात्री अकरा वाजता तो घरातून फेरी मारतो आणि सगळी बटणे बंद करतो, त्यात लाभार्थीच्या चार्जरचेही. सकाळी तिचे सादरीकरण असते आणि बॅटरी ९ टक्के. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण ताकदीने चार तास चालला तरी जेमतेम पाव युनिट वीज जाते, हे त्याला हिशेब करून दाखवता येते. तो ऐकून घेतो. फेरी चालू राहते.

७. खाते आणि चाव्या

हा भाग हसण्यावारी नेऊ नये. यंत्र प्रथम सुरू होताना विंडोज मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. जाणकार घाईत असतो. त्याला पुन्हा नऊ वाजता कॉल असतो. म्हणून तो स्वतःचेच खाते टाकतो आणि 'नंतर बदलू' म्हणतो. नंतर म्हणजे तीन वर्षांनी तो न्यू जर्सीला असतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एका निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

असे का होते? विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांत साठवलेली माहिती आपोआप कुलूपबंद केली जाते आणि त्या कुलपाची किल्ली, हे ४८ अंक, पहिल्या खात्यात जमा होते. खाते जाणकाराचे म्हणजे किल्ली जाणकाराची. त्याला उठवावे तर त्याच्याकडे ऑफिसची वेळ. म्हणून खाते पहिल्या दिवसापासून लाभार्थीच्या नावाने, तिच्या मोबाइल क्रमांकावर आणि तिच्याच हाताने उघडावे. किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. बँकेच्या फुकट डायरीत पासवर्ड लिहिण्याच्या खरेदीदाराच्या पद्धतीला घरातले सगळे हसतात, पण या एका बाबतीत तो बरोबर आहे आणि हिंजवडी चूक आहे.

उरलेले थोडक्यात. अपडेटला वेळ लागतो, मध्येच झाकण लावू नये. चाचणीपुरता आलेला अँटीव्हायरस काढून टाकावा. विंडोजची स्वतःची सुरक्षा घरगुती वापराला पुरते. सोबत आलेले ऑफिस मुदतीत नोंदवावे, तेही लाभार्थीच्याच खात्यात.

८. मराठीची सोय

सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडावी. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड बदलतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. आठवडाभर बोटे अडखळतात, मग सुटतात. शिफ्टसह 'एन' दाबल्यास ळ येतो आणि शिफ्टसह 'जे' दाबल्यास 'तऱ्हा'मधला र.

ही सोय लाभार्थीपेक्षा खरेदीदाराला अधिक उपयोगी पडते. रविवारी दुपारी, यंत्र मोकळे असताना, तो सोसायटीच्या चिटणिसांना वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीबद्दल पत्र लिहायला बसतो. एका बोटाने. 'गळती'तल्या ळपाशी तो अडतो आणि लाभार्थीला हाक मारतो. ती येऊन दाखवते, तो 'कळलं, कळलं' म्हणतो आणि पुढच्या ळला पुन्हा हाक मारतो. घरातील यंत्र नेमके कोणासाठी घेतले होते, हा प्रश्न या टप्प्यावर कोणी काढत नाही. काढूही नये. पत्र पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. हाच नियम लाभार्थीच्या प्रोजेक्टलाही लागू आहे.

९. देखभाल

गादीवर, उशीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरू नये. खालच्या जाळ्या बुजतात आणि पंखा ओरडू लागतो. चहा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. झाकणावरचे पातळ प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढावे. ते संरक्षणासाठी नसून वाहतुकीसाठी असते, हे खरेदीदाराला पटत नाही. त्याच्या टीव्हीच्या रिमोटवरही अजून पिशवी आहे. कीबोर्डवर घालायचे रबरी आवरण घेऊ नये. त्याने उष्णता अडते आणि बंद झाकणात पडद्यावर डाग उमटतात.

१०. खोके

खोके वॉरंटी संपेपर्यंत जपावे. बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते. वॉरंटी संपल्यावर खोके रद्दीत द्यावे. सांभाळून वापरलेला लॅपटॉप साधारण पाच वर्षे चांगला चालतो. खोके माळ्यावर त्याहून बरेच जास्त टिकते, कारण त्यात आता दिवाळीच्या पणत्या असतात.