गुंगालिनची गुंगी

गुंगालिन, कॅनबेरा
21 जुलै

ती. आईस,


व्हिडिओ कॉलवर मी नापोलीचं सांगायला लागले की तू दर वेळी "थांब, कुकर झाला" म्हणून उठतेस. वर पुन्हा म्हणतेस, पत्र लिही, दुपारी गॅलरीत बसून सगळ्यांना वाचून दाखवते. तर हे घे पत्र. जावयांबद्दलचा मजकूर गाळलास तर उपकार होतील. गाळणार नाहीस, ठाऊक आहे.

इथे आज पहाटे उणे चार होतं. गाडीच्या काचेवरचा बर्फाचा पापुद्रा खरवडत होते, समोरच्या आजोबांनी हात केला, मी हात केला, झालं दिवसाचं बोलणं. तुम्ही दोघं आला होतात तेव्हा तिसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले होते, "अगं, गावाच्या नावातच गुंगी आहे, माणसं तरी काय करणार!" तेव्हा मला राग आला होता. बाबांना सांग, राग मागे घेतला.

जावयांना रोमला ऑफिसचं काम निघालं, तुझ्या नातीला शाळेची हिवाळ्याची सुट्टी होती, म्हणून तिघंही गेलो. रोमचं काम आटोपल्यावर चार दिवस हातात होते. तिथून वेगवान गाडीने नापोली सव्वा तासावर. आपण ज्याला नेपल्स म्हणतो तेच हे. मूळ ग्रीक नाव निआपोलिस, म्हणजे नवं शहर. अडीच हजार वर्षं झाली तरी नवंच. जावयांना हे फार आवडलं, कारण त्यांचं बालपण पुण्यातल्या नव्या पेठेतलं, आणि तीही कोणे एके काळीच नवी होती.

निघण्यापूर्वी इथल्या प्रत्येकाने बजावलं होतं, पाकीट सांभाळा. म्हणून जावयांनी पोटाला बांधायचा कापडी पट्टा आणला, त्यात पासपोर्ट, कार्डं, सगळे युरो. वरून शर्ट. त्यामुळे चोर दूरच राहिले, पण पैसे द्यायची वेळ आली की हे गृहस्थ भर रस्त्यात शर्टाची तीन बटणं सोडून पोटात हात घालत. दुकानदार आधी दचकत, मग शेजारच्या दुकानदाराला बघायला बोलावत.

आमचा मुक्काम एका जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण दहा सेंटचं नाणं टाकल्याशिवाय हलेना! आई, मी तुझी शपथ घेऊन सांगते, लिफ्टला गल्ला. आम्ही गुंगालिनचे लोक, दुधाच्या बाटलीलासुद्धा कार्ड टेकवणारे. पट्ट्यात पन्नासाच्या नोटा, नाणं एकही नाही. जावयांनी दोन बॅगा पाच मजले चढवल्या आणि वर पोचल्यावर जी आठवण काढली ती लिफ्ट बसवणाऱ्याच्या घराण्याची होती.

खरी परीक्षा रस्ता ओलांडताना झाली. स्टेशनसमोरच्या गारिबाल्दी चौकात आम्ही तिघं कडेला उभे. स्कूटरवर बाप, पोर आणि दोघांच्या मधे कुत्रा. मागून बस, बसच्या मागून हॉर्न, हॉर्नच्या मागून शिव्या. तुझी नात खांबाभोवती फिरून म्हणते, "आई, बटण कुठाय?" इथे कॅनबेरात बटण दाबलं की सिग्नल टकटक करतो आणि रस्ता अदबीने थांबतो. ती त्यावरच वाढली. जावई, ज्यांनी कॉलेजात असताना लक्ष्मी रोडवर हात सोडून लूना चालवल्याच्या गोष्टी मला वीस वर्षं ऐकवल्या आहेत, ते म्हणाले, "कुणी थांबलं की जाऊ." कोण थांबणार? पाच मिनिटं गेली. मग आई, माझ्यात तू संचारलीस. पोरीचं मनगट धरलं, दुसरा पंजा समोर धरला आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर तू चालायचीस तशी चालू पडले: ना धावायचं, ना थांबायचं, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं. सगळी वाहनं दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहून गेली. पलीकडे पोचून मागे बघते तर जावई अजून त्याच तीरावर, पट्टा सांभाळत. शेवटी एका नन बाईच्या मागोमाग आले.

दुसऱ्या दिवशी स्पॅनिश वस्तीत गेलो. क्वार्तिएरी स्पान्योली. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांना राहायला बांधलेल्या गल्ल्या, इतक्या अरुंद की वर आभाळाची पट्टी, आणि त्या पट्टीवरही चादरी, बनियनं, गाऊन वाळत घातलेले. तुला आठवतं ना, तू आमच्या बाल्कनीत पाचवारी वाळत घातलीस आणि चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं होतं, की रस्त्यावरून दिसेल असं काही लटकवू नये? तिथे सगळं गावच लटकलेलं होतं. मधेच एका भिंतीवर मॅराडोना, चार मजले उंच. हा 1984 साली तिथल्या क्लबात आला आणि 1987 साली त्यांना पहिल्यांदा लीग जिंकून दिली. त्याच्या पायाशी मेणबत्त्या, फुलं, नवस. जावई म्हणाले, हे अति आहे. मी फक्त "सचिन" एवढंच म्हटलं. गप्प बसले.

तिथेच ते घडलं, ज्याच्यासाठी खरं हे पत्र. चौथ्या मजल्यावरून एक म्हातारी ओरडली आणि वरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायला लागली. आई, तुझी टोपली! तशीच, कडेला चिंधी गुंडाळलेली. खालच्या वाण्याने तीत पाव आणि टोमॅटो ठेवले. टोपली वर गेली. वर तपासणी. पुन्हा आरडाओरडा. टोपली खाली, टोमॅटो परत! तू शेवग्याच्या शेंगा परत पाठवायचीस तश्शी. वाण्याने आभाळाकडे हात जोडले, दुसरे टोमॅटो निवडले. मला हसू आवरेना. मी खालून मराठीतच ओरडले, "आजी, चांगले दाबून बघा हं!" तिने वरून काहीतरी लांबलचक ऐकवलं. ती नापोलीची बोली, रोमच्या माणसालाही अर्धीच कळते म्हणे. पण हाताच्या खुणांवरून मला सगळं समजलं: वाणी लबाड आहे, पोरगी बारीक आहे, हिला जेवायला घालता की नाही? पुढच्या खेपेला टोपलीत दोन लिमलेटच्या गोळ्या आल्या, नातीसाठी. अकरा वर्षांची झाली, पण अनोळखी माणसाने आभाळातून खाऊ पाठवायची तिची ही पहिलीच वेळ.

सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाच्या गल्लीत तर तिला दिवाळीच सापडली. ख्रिसमसला तिकडे येशूजन्माचा देखावा घरोघर मांडतात आणि त्याची चित्रं बारा महिने त्या गल्लीत विकतात. बुचाच्या सालीचा डोंगर, वर शेवाळ, आणि गोठा राहिला बाजूलाच, भोवती अख्खा बाजार: पाववाला, मासेवाली, खाटीक, भट्टीशी उभा पिझ्झावाला. आपल्या किल्ल्यावर शिवाजीमहाराजांच्या खाली गवळण, भाजीवाली आणि तोफेच्या आकाराचा वाघ असायचा, त्यातलाच प्रकार. दादाने एकदा बुरुजावर प्लास्टिकचा क्रिकेटर उभा केला होता आणि शेजारच्या काकांनी त्याला इतिहास शिकवला होता. इथे मेंढपाळांच्या रांगेत फुटबॉलपटू आणि पुढारी उभे, आणि काका तेच विकत बसलेले.

तिथेच लाल मिरच्या दिसल्या. मी म्हटलं, ह्यांच्याकडेही लिंबू-मिरची! तर ती मिरची नव्हे, शिंग, कोर्नो. दृष्ट लागू नये म्हणून. मात्र स्वतः विकत घेतलेलं लागू पडत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं. जावयांनी दृष्ट कशी शास्त्रीय नाही यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. ते संपेपर्यंत लेकीने खाऊच्या पैशांतून एक घेऊन त्यांच्या खिशात टाकलं होतं. आता गाडीच्या आरशाला लटकतंय. काढू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे, तिला वाईट वाटेल."

तळमजल्यावरच्या बापूंना सांग, त्यांचा जन्म चुकीच्या देशात झाला. नापोलीत स्वप्नावरून आकडा काढायचा रीतसर कोश असतो, स्मोर्फिया. एक ते नव्वद. नव्वद म्हणजे भीती. मेलेला माणूस दिसला तर 47, आणि मेलेला माणूस बोलला तर 48. त्या आकड्यांवर लॉटरी लावायची, तीही सरकारी. बापू आयुष्यभर उशाशी वही ठेवून हेच करत आले आणि बदल्यात पोलिसांना घाबरत राहिले.

जेवणाचं फार लिहीत नाही, तू "घरी काय खाल्लं?" विचारशील. घडी घालून हातात देतात तो पिझ्झा चालता चालता खाल्ला, रस कोपरापर्यंत. कॉफी उभ्याने, दोन घोटांत, सोबत पाण्याचा पेला. एका जागी कळलं की आपली एक कॉफी प्यायची आणि दोनांचे पैसे द्यायचे. दुसरी कुणा नडलेल्यासाठी, नाव-गाव न विचारता. जावयांनी मोठ्या मनाने दिले आणि मग सवयीने पावती मागितली. त्याच गडबडीत फोन तिथेच विसरले. पट्ट्यात पैसे बांधून हिंडणारा माणूस, फोन उघड्यावर! तो कॉफीवाला पोरगा अ‍ॅप्रनसकट दोन गल्ल्या धावत आला. जावयांना आभार मानायला इटालियन सुचेना, म्हणून "थँक यू, धन्यवाद, ग्रात्सिए" असं तीन हप्त्यांत मानले.

मेट्रोचंही ऐक. तिथे 2004 साली स्टेशनासाठी खणताना रोमन काळातली जहाजं निघाली. गिरगावात खणलं तेव्हा आपल्या मांडणीवरची भांडी तेवढी वाजली होती. आणि डोक्यावर सतत तो व्हेसुव्हियस. शेवटचा फुटला 1944 साली. घरमालकिणीला विचारलं, भीती नाही वाटत? तिने खांदे उडवले आणि विचारलं, सकाळी नाश्त्याला किती जण?

परत आलो. विमानतळावरून घरी येताना प्रत्येक वळणावर जावई रिकाम्या रस्त्याला इंडिकेटर दाखवत होते. ट्राम आपल्या वेळेला आली, गेली, आत तिघं. मला आपलं वाटलं, ह्या कॅनबेराचा नकाशा काढणारा वॉल्टर बर्ली ग्रिफिन शेवटी लखनौला जाऊन राहिला आणि 1937 साली तिथेच वारला, ते उगाच नसेल. इतक्या सरळ रेघा मारल्यावर माणसाला कुठेतरी गर्दीत घुसावंसं वाटणारच.

तुझ्या नातीने मात्र आल्या आल्या बाल्कनीतून टोपली सोडली आहे. सोसायटीचं पत्र यायचं आहे, येईल. समोरच्या आजोबांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून आले, आपल्या कोंबड्यांची सहा अंडी टोपलीत ठेवली आणि वर बघून ओरडले, "पुल!" चौदा वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. हिने ओढली, पहिल्या मजल्यापाशी गाठ सुटली, अंडी आजोबांच्या बुटांवर. ते हसत हसत पुन्हा आणायला गेले.

तेव्हा आई, तू दोरीला नेमकी कुठली गाठ मारायचीस ते लगेच कळव. चित्र काढून पाठव, दादाला फोटो काढायला सांग. आजोबा रविवारी परत अंडी आणणार आहेत.

बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी