मी काही जाणकार नाही, पण…

अमेरिकेत, आणि केंटकीत तर हमखास, बारच्या काउंटरवर एक गृहस्थ भेटतो. पिणं बेताचं, आठवड्याला दोन-तीन पेग. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मी काही जाणकार नाही." दुसरं वाक्य 'पण'ने सुरू होतं आणि ग्लासातला बर्फ विरघळला तरी संपत नाही. बर्बनमध्ये, म्हणजे या अमेरिकी व्हिस्कीत, ब्लँटन्स एक नंबर. वेलर मिळाली तर सोन्याहून पिवळं. बेझिल हेडन पाहुण्यांसाठी. आणि ओल्ड ग्रँड-डॅड? ती नको बुवा, घशाला ओरखडे काढते. ही यादी तो 'आपली आपली आवड' म्हणून सांगतो, कारण आवडीपुढे वाद चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आवडीशी वाद नाहीच. ती त्याच्या जिभेने ठरवली, या दाव्याशी मात्र आहे.

मुळात कायद्याने बर्बन गाळणाऱ्यांना मोकळं रान ठेवलेलं नाही. धान्यात निदान 51 टक्के मका हवा, पिंप नव्या ओकचं आणि आतून जाळलेलं हवं, पिंपात भरताना मद्यार्क 62.5 टक्क्यांच्या वर नको, आणि रंग वरून घालायचा नाही. मग फरक उरतो तो मक्याच्या जोडीला राय की गहू, पिंपात वर्षं किती आणि शेवटी पाणी किती, यात. आता गृहस्थाच्या यादीतल्या दोन बाटल्या शेजारी ठेवा. ओल्ड ग्रँड-डॅड आणि बेझिल हेडन दोन्ही जिम बीम कंपनीच्या, दोन्हींत राय सढळ हाताने, धान्याचं प्रमाण एकच. इतकंच काय, दोन्ही नावांमागचा माणूसही एकच. बेझिल हेडनच्या नातवाने आजोबांच्या आठवणीसाठी काढलेली व्हिस्की ती ओल्ड ग्रँड-डॅड. 1992 साली कंपनीने त्याच आजोबांचं खरं नाव दुसऱ्या बाटलीवर छापलं, तिला धातूचा कमरपट्टा बांधला आणि किंमत वाढवली. गृहस्थ आजोबांना नाक मुरडतो आणि बेझिलरावांना पाहुण्यांपुढे मिरवतो. यावर कुणी म्हणेल, ओल्ड ग्रँड-डॅडची 'बाँडेड' बाटली 50 टक्क्यांची आणि बेझिल 40 टक्क्यांची, ओरखडा त्याचा आहे. कबूल. पण मग तो ओरखडा घालवायला जे पाणी लागतं, ते नळाला येतं.

पाण्यावरून आठवावा तो फेब्रुवारी 2013 मधला मेकर्स मार्क या बर्बनचा प्रसंग. मागणी वाढली, माल पुरेना, म्हणून कंपनीने मद्यार्क 45 टक्क्यांवरून 42 वर आणायचं जाहीर केलं आणि चवीत फरक पडणार नाही अशी ग्वाहीही दिली. गिऱ्हाइकं अशी खवळली की जेमतेम आठवड्यात निर्णय मागे घ्यावा लागला. तक्रार करणाऱ्यांत आपला गृहस्थही होता असं धरायला हरकत नाही, आणि हा तोच माणूस, जो दर पेगला ग्लासात मूठभर बर्फ टाकून तीनच्या कितीतरी पट टक्के स्वतःच्या हाताने खाली आणतो. त्याला पाण्याचं वावडं नव्हतं. पाणी आपण घालायचं की कंपनीने, हा मानाचा प्रश्न होता. जीभ या भांडणात साक्षीलासुद्धा नव्हती.

जाणकारांचा आक्षेप याहून वजनदार आहे. कृती एक असली म्हणून व्हिस्की एक होत नाही. गोदामाच्या वरच्या मजल्यावर उन्हाळा जास्त तापतो, तिथलं पिंप वेगळं मुरतं, खालचं वेगळं. अगदी खरं. पण हे खरं असेल तर सगळ्यात आधी ब्लँटन्सचा एक नंबर धोक्यात येतो. 1984 साली ही बर्बन बाजारात आली तीच एका पिंपातला माल एका बाटलीत, या कौतुकावर. म्हणजे गेल्या वर्षी ज्या बाटलीवर गृहस्थ भाळला, तिचं पिंप केव्हाच रिकामं झालं. आजची बाटली दुसऱ्याच पिंपाची. कायम राहिलं आहे ते बूच. त्यावर घोडा आणि स्वार, दौडीच्या आठ वेगवेगळ्या ढबींत, प्रत्येक बुचावर नावातलं एक अक्षर. 'दिखाऊपणा आपल्याला जमत नाही' म्हणणाऱ्याच्या खिडकीत सात घोडे ओळीने उभे असतात आणि शेवटच्या 'एस'साठी नवी बाटली उघडली जाते.

यात कुणाचं काय बिघडलं, पैसे त्याचे, घसा त्याचा, असंही विचारता येईल. बिघडतं ते वेलरचं. केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस भट्टीत होणारी ही साधी, रायऐवजी गहू घातलेली बर्बन. महागड्या पॅपी व्हॅन विंकलचीही कृती हीच, असा बोभाटा झाला आणि वेलर 'गरिबाची पॅपी' ठरली. मग जाणकार नसलेल्या सगळ्यांनी दुकानं पालथी घातली आणि ती गरिबालाच मिळेनाशी झाली. उपाय सोपा आहे: बाटल्या झाकायच्या, ग्लासांवर आकडे घालायचे आणि आवडेल तो उचलायचा. गृहस्थ याला कधी तयार होणार नाही. हरण्याचं भय त्याला नाही, तो जाणकार नाहीच. भय आहे ते खालच्या फळीवरची, सदैव मिळणारी बाटली पसंत पडण्याचं, कारण मग ती कुठे, कशी, कुणाच्या ओळखीने मिळवली, हे सांगायची सोय उरत नाही.