संशय घ्यावा असा माणूस

प्रस्तुत लेखकावर आजवर कोणीही, कसलाही संशय घेतलेला नाही. विमानतळावर पुढच्या आणि मागच्या, दोघांच्याही बॅगा उघडल्या जातात. लेखकाला मात्र 'चला, चला' करून पुढे सरकवलं जातं. सोसायटीच्या टाकीचं पाणी रात्रभर वाहत राहिलं तेव्हा झालेल्या चौकशीत त्याला कोणी साक्षीदार म्हणूनसुद्धा बोलावलं नाही. सज्जनपणाचं प्रमाणपत्र म्हणून हे ठीक असेल. पण ज्याच्या कित्येक रविवारच्या दुपारी अंतराळयानांवरच्या मालिका पाहण्यात गेल्या आहेत, त्याला हे लागतं. त्या यानांवर संशय यायलासुद्धा माणसाची काही एक लायकी असावी लागते.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' बघताना घरात विषय निघालाच, की आपल्यात सायलॉन कोण? माणसांनी घडवलेली यंत्रं माणसांवर उलटली, बारा वसाहती बेचिराख झाल्या आणि जीव मुठीत धरून पळालेल्या पन्नासेक हजार लोकांत हुबेहूब माणसासारखे दिसणारे सायलॉन आधीच मिसळलेले होते, एवढं तर वाचकांना ठाऊक आहेच. लेखकाने घसा खाकरून सूचक मौन धारण केलं. बायको म्हणाली, "त्यांना काही अक्कल असेल की नाही? तुम्हाला हेर नेमून त्यांना काय कळणार? घरातला सिलिंडर कधी संपतो ते तुम्हाला कळत नाही." मुलगी म्हणाली, "बाबा, तू सायलॉन असतास तर पहिल्या आठवड्यात तूच सगळ्यांना सांगून मोकळा झाला असतास."

याच मुलीने २०२० च्या टाळेबंदीत त्याला 'अमंग अस' खेळायला बसवलं होतं. यानातल्या रंगीबेरंगी खलाशांत एखाददुसरा खुनी असतो आणि बाकीच्यांनी चर्चा करून, मतं टाकून त्याला यानाबाहेर फेकायचं असतं. लेखकाच्या वाट्याला खुन्याची भूमिका आली तरी कोणी त्याचं नाव घेईना. तो बराच वेळ कॅफेटेरियातल्या टेबलाला अडकून होता. सगळ्यांना वाटलं, याचं नेटवर्क गेलंय.

म्हणून त्याला सॉल टाय जवळचा वाटतो. टाय हा गॅलॅक्टिकावरचा दुय्यम अधिकारी: टक्कल, दारू, खेकसणं, आणि कमांडर अ‍ॅडामावरची आंधळी निष्ठा. सायलॉनांचा त्याच्याइतका द्वेष करणारा ताफ्यात दुसरा नाही. त्यांच्या कैदेत त्याचा एक डोळा गेला. फितुरीबद्दल त्याने स्वतःच्या बायकोला, एलनला, स्वतःच्या हातांनी विष पाजलं. आणि मार्च २००७ मध्ये दाखवलेल्या भागात कळतं की टाय स्वतःच सायलॉन आहे! जानेवारी २००९ मध्ये कळतं की ती मेलेली बायकोसुद्धा सायलॉनच होती. एका पिकल्या वयाच्या, चिडक्या, संध्याकाळी कुणाच्या उपयोगी न पडणाऱ्या माणसाला एवढा मान! लेखकाला हा भाग पाहून जो आनंद झाला त्यात कथानकाचा वाटा कमी होता.

पुढे त्याला कळलं की हा मान टायला बराच उशिरा मिळाला होता. मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर ठासून सांगितलं जातं की सायलॉनांची एक योजना आहे. प्रत्यक्षात कर्तेधर्ते रोनाल्ड मूर यांच्याकडे तशी काही आखीव योजना नव्हती, आणि पुढे त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलंही. टाय सायलॉन आहे हे तिसऱ्या पर्वाचं लेखन चालू असताना ठरलं. टायचं काम करणाऱ्या मायकल होगन यांना ते आधी मुळीच रुचलं नव्हतं. म्हणजे ज्याला मान मिळाला तो नाराज, आणि ज्याला हवा होता तो इकडे सोफ्यावर.

आपल्याकडे वेषांतराची परंपरा मोठी आहे. विराटाच्या घरी पाचही पांडव नावं बदलून राहिले. भीम भटारखान्यात, अर्जुन नाचगाणं शिकवायला. पण त्या प्रत्येकाला आपण खरे कोण हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर कीचकवधाच्या रात्री आपण निर्धास्त असतो. गॅलॅक्टिकाची गंमत उलटी आहे. तिथे लपलेल्यालाच आपण लपलोय हे माहीत नाही. वैमानिक शॅरन, जिला सगळे बूमर म्हणतात, तिला आपल्याच वागण्याची भीती वाटू लागते. मध्येच काही तास आठवत नाहीत, सामानात स्फोटकं सापडतात. तपासावं तरी कोणी कोणाला?

तपासायला एक यंत्र असतं. ते बनवतो डॉ. गायस बाल्टर, म्हणजे ज्याच्यामुळे वसाहतींची संरक्षणव्यवस्था शत्रूच्या हाती गेली तोच इसम. यंत्राला प्लुटोनियम लागेल असं सांगून तो अ‍ॅडामाकडे चक्क एक अण्वस्त्र मागतो, आणि त्याला ते मिळतं. एकेका तपासणीला अनेक तास लागतात. ताफ्यातल्या सगळ्यांची करायची तर साठेक वर्षं जातील. तरीही यंत्र चालतं, हे विशेष. बूमर आपण होऊन रक्त देते, निकाल लाल, म्हणजे सायलॉन असा येतो, आणि बाल्टर घाबरून तिला सांगतो, अभिनंदन, तू माणूस आहेस. पहिल्या पर्वाच्या शेवटी तीच बूमर अ‍ॅडामाच्या अंगात गोळ्या घालते. ते अण्वस्त्र पुढे बाल्टरच्याच मेहेरबानीने एका सायलॉन बाईच्या हाती पडतं आणि 'क्लाउड नाइन' हे अख्खं जहाज उडतं. सरकारी निविदेचा याहून बोलका शेवट लेखकाच्या पाहण्यात नाही.

आता इथे जरा विषयांतर होणार आहे. घरी या विषयावर बोलायची त्याला बंदी आहे, म्हणून वाचकांनी सांभाळून घ्यावं. विषय डॉ. बशीर.

मूर यांनी गॅलॅक्टिकाच्या आधी स्टार ट्रेकच्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेत काम केलं होतं. ती यानावर नव्हे, अंतराळस्थानकावर घडते. तिथले शत्रू म्हणजे चेंजलिंग, हवं ते रूप घेणारे. १९९७ च्या फेब्रुवारीत आलेल्या एका भागात शत्रूच्या तुरुंगाचं दार उघडतं आणि आत स्थानकाचे डॉक्टर ज्युलियन बशीर बसलेले! मग स्थानकावर रोज औषधं देतोय तो कोण? खरा बशीर सांगतो की भाजलेल्या रुग्णांवरच्या उपचारांच्या एका परिषदेला गेलो होतो, रात्री झोपलो तो इथे जागा झालो. त्याला महिना उलटून गेलाय. अंगावर गणवेशही जुनाच आहे. दरम्यान सगळ्यांचे गणवेश बदलले.

या महिनाभरात तोतयाने काय केलं? उत्तम डॉक्टरकी केली. आधीचे भाग काढून पाहावेत. स्थानकाचा प्रमुख कॅप्टन सिस्को मरणाच्या दारात असताना त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याला वाचवलं, ते याच तोतयाने. शत्रूचा सेनापती टेबलावर बेशुद्ध, हातात शस्त्र, आणि हा गृहस्थ टाके घालतो! बिंग फुटल्यानंतरच्या भागात तो तिथल्या ग्रहमालेचा सूर्य उडवून लाखोंना मारायला निघतो, पण हातातला पेशंट सोडत नाही. आणि ओब्रायनसारखा जिवलग मित्र रोज भेटत असून त्याला काही वेगळं जाणवलं नाही. परिषदेहून परतलेला डॉक्टर थोडा गप्प असतो, थोडा निवांत असतो, हे जगात कुठेही चालतं. मौजेची गोष्ट अशी, की बशीरचं काम करणारे अलेक्झांडर सिद्दिग यांनाही आपण मधले भाग तोतया म्हणून करतोय हे ठाऊक नव्हतं. तुरुंगाच्या भागाची संहिता हाती आली तेव्हा कळलं. तो अभिनय म्हणावा की अज्ञातवास, यावर लेखकाने एकदा जेवताना पाऊण तास भाषण केलं. बंदीचं मूळ तिथे आहे.

याच मालिकेत क्लिंगॉन सेनानी मार्टोक भर बैठकीत सुरी काढतो, तळहात कापतो, रक्त दाखवतो: मी खरा, आता तुम्हीही कापा. चेंजलिंगचं रक्त अंगाबाहेर पडताच मूळ रूपात जातं, म्हणून ही परीक्षा. पुढे उघड होतं की खरा मार्टोक दोन वर्षं तुरुंगात खितपत होता. परीक्षेचा आग्रह धरणारा तो गृहस्थच नकली होता.

सिस्कोचा म्हातारा बाप न्यू ऑर्लिअन्सला खाणावळ चालवतो. पृथ्वीवर सगळ्या अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांची रक्ततपासणी सुरू होते आणि म्हातारा साफ नकार देतो. बापलेकाची वादावादी होते; भाजी चिरताना म्हाताऱ्याचं बोट कापतं. लेक धावतो, पण आधी त्याची नजर सुरीवर जाते. रक्त रक्तच राहतंय की नाही हे तो पाहतो. बापाच्या ते लक्षात येतं. सूर्य उडवण्याच्या दृश्यात लेखक लाह्या खात होता. इथे त्याला खाता आलं नाही.

ही नजर आपल्या ओळखीची आहे, म्हणून असेल. स्टार ट्रेकच्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या १९९१ मधल्या 'द ड्रमहेड' या भागात सायमन टार्सेस नावाचा पोरसवदा वैद्यकीय कर्मचारी असतो. त्याने नोकरीच्या अर्जावर आजोबा व्हल्कन असल्याचं लिहिलेलं असतं. ते शत्रूपक्षातले, रोम्युलन निघतात. यानातला स्फोट अपघात होता हे सिद्ध झाल्यावरही त्याची चौकशी थांबत नाही. एन्टरप्राइज या यानावर हे शोधायला निवृत्त अ‍ॅडमिरल आणाव्या लागल्या, न्यायासन मांडावं लागलं. आपल्याकडे एवढा खर्च नाही. प्लुटोनियम तर मुळीच लागत नाही.

प्रस्तुत लेखक पूर्वी भाड्याचं घर शोधत होता. त्याचं आडनाव दोन-तीन जातींत सापडतं. घरमालक काका अतिशय अगत्यशील. त्यांनी आडनाव विचारलं आणि ते किंचित थबकले. मग विचारलं, मूळ गाव कोणतं? गावावरूनही निकाल लागेना. कुलदैवत? घरी गणपती किती दिवसांचा? मग एकदम, सहज म्हणून, मामांचं आडनाव काय? आयुष्यात प्रथमच कोणीतरी लेखकावर रीतसर संशय घेत होतं, आणि त्याला त्यात काहीही मजा येत नव्हती. बाल्टरला ज्या कामाला अनेक तास लागत ते काकांनी आतून चहा येईपर्यंत उरकलं. निकाल हिरवा आला. काकांचा चेहरा उजळला, दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या हवेशीर असल्याचं कळलं. चहात आलं होतं. लेखक तिथे बरीच वर्षं राहिला. आधी खोल्या बघायला आलेल्या माणसाचा निकाल काय आला होता, हे काकांनी न विचारता सांगितलं होतं. त्याचं आडनाव पूर्ण म्हणायचीही त्यांना गरज वाटली नव्हती.

गॅलॅक्टिकावर बूमर पकडली जाते. तिला कोठडीतून हलवताना कॅली नावाची तंत्रज्ञ गर्दीतून पुढे येते आणि सगळ्यांदेखत तिला गोळी घालते. आदल्या महिन्यापर्यंत ज्यांच्यासोबत जेवली त्यांच्यादेखत बूमर मरते. कॅलीला शिक्षा होते तीस दिवस कोठडीची. गुन्हा: परवानगीशिवाय बंदूक चालवणं. यंत्राचा खून होत नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा या लेखाने पुरता विरस केला आहे. त्यांनी तरीही ती पाहावी. थेट '३३' या पहिल्या भागापासून सुरू करू नये. त्याआधी २००३ ची दोन भागांची लघुमालिका आहे, ती आधी घ्यावी. ज्यांनी पाहिली आहे त्यांनी दुसऱ्यांदा टायसाठी पाहावी. स्वतःची ओळख कळते त्याच रात्री शत्रूचा हल्ला होतो, आणि हा माणूस, जो नेमका काय आहे हे त्यालाच धड समजलेलं नाही, गणवेश नीट करतो आणि आपल्या जागेवर, अ‍ॅडामाच्या शेजारी जाऊन उभा राहतो. त्याआधीच्या भागांत त्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण मात्र शोधत बसू नये. ते भाग लिहिले गेले तेव्हा लपवण्यासारखं काही ना होगन यांच्याकडे होतं, ना मूर यांच्याकडे.