हुशार मुलांची बॅच

२००५ च्या पुरानंतर आमच्या वर्गातली सगळी मुलं हुशार झाली.

त्याआधी तसं नव्हतं. १९८८ साली महाडातून दहावी झालेल्या आमच्या वर्गात हुशार, मध्यम आणि बाकीचे अशी रीतसर विभागणी होती, आणि तिचा पुरावा ज्याच्या त्याच्या घरी ट्रंकेत पडलेला होता. प्रगतिपुस्तकं, सहामाहीचे गुण, तांबड्या शाईतले शेरे, खाली वडिलांची सही. काहींच्या पुस्तकात वडिलांसारखी सही. त्या जुलैअखेर सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. लोकांचे संसार गेले, दुकानातला माल गेला; तिथे प्रगतिपुस्तकासाठी रडणार कोण? पण पुढे घरं सावरली, मुलं मोठी होऊन अभ्यासाला बसायची टाळाटाळ करू लागली, तेव्हा एकेकाच्या लक्षात आलं की आपण शाळेत काय दिवे लावले हे सांगणारा कागद आता घरात उरलेला नाही. मग जो तो म्हणू लागला, "आमच्या वेळी मी पहिल्या दहात असायचो." दहाचे पाच झाले, पाचाचे तीन झाले. माझ्या माहितीप्रमाणे आज आमच्या वर्गातून पहिले आलेले सातजण आहेत. त्यांत मी धरलेला आहे.

तसा बोर्डाकडे अर्ज केला की गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळते. नोकरीपायी ज्यांना गरज होती त्यांनी ती आणलीही. पण आणून कपाटाच्या खणात कुलपात ठेवली. चारचौघांत दाखवायची वस्तू नव्हे ती.

महाडच्या माणसाला पूर नवा नाही. सावित्री महाबळेश्वराहून येते, काळ आणि गांधारी रायगडच्या अंगाने येतात, आणि सगळ्यांनी एकदम यायचं ठरवलं की खाली बाणकोटच्या खाडीला नेमकी भरती असते. पाणी जाणार कुठे? ते बाजारात येतं. आमच्या लहानपणी पाणी पायरीला लागलं की दप्तर आवरायचं आणि ओट्याला लागलं की सामान माळ्यावर टाकायचं, एवढं शिक्षण शाळेत जाण्याआधीच झालेलं असे. शाळेला सुट्टी मिळायची, म्हणून पूर हा आम्हाला दिवाळीखालोखालचा सण वाटे. आई-वडील का चिडचिडे होतात हे कळायला पुढे स्वतःचं दुकान काढावं लागलं.

वर्गात दोन पक्ष होते: पेठेतली मुलं आणि एसटीची मुलं. एसटीची म्हणजे बिरवाडी, वरंध, नाते, विन्हेरे आणि पोलादपूरकडची. पोलादपूरला शाळा नव्हती असं नाही, पण मामा महाडला होता. ही मुलं पहिल्या तासाला उशिरा येत आणि शेवटच्या तासाला लवकर जात. "सर, एसटी चुकेल" या वाक्यापुढे भलेभले मास्तर हतबल होत. आम्ही पेठेतली मुलं पाच मिनिटांच्या अंतरावर राहत असल्यामुळे आम्हाला कुठलीच सबब उपलब्ध नव्हती. वर गणिताचा जादा तास. त्या वयात मला पोलादपूरला राहायला जावंसं वाटे ते प्रतापगडासाठी नव्हे.

शिवाय मोरे, जाधव, कदम, सकपाळ इतके होते की नुसत्या आडनावाने पुकारलं तर तीन बेंच उभे राहत. म्हणून गाव जोडायची पद्धत पडली. मोरे सवाद, मोरे लोहारे, जाधव वरंध. आमच्या मोबाईलमध्ये ते आजही तसेच आहेत. पहिलं नाव विचाराल तर आठवावं लागेल.

आमच्या हेडमास्तरांचं एक दैवत होतं, चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. जन्म १८९६ चा, आपल्या नाते गावचा. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती पटकावलेली. घटक चाचणी असो की सहामाही, निकाल लागला की हेडमास्तर वर्गात येत, खिडकीतून नात्याच्या दिशेला पाहत आणि म्हणत, "इथून काही कोसांवरचा मुलगा." पुढचं बोलत नसत. नात्याहून रोज एसटीने येणारा एकजण आमच्यात होता, त्याची या दिवसांत फार पंचाईत होई. संस्कृतमध्ये पस्तीस पडले तेव्हा सर त्याला म्हणाले, "अरे, निदान गावाचा तरी विचार करायचास." तो शांतपणे म्हणाला, "सर, त्यांचा जन्म इथला, पण शिक्षण बाहेरचं." त्यानंतर दैवताचा उल्लेख बराच कमी झाला.

खरं तर कागदावर किती विसंबावं हे चवदार तळ्याच्या गावाला कुणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने तो १९२४ ला मान्यही केला. कागद तयार होता. पाणी मात्र २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हाच ओंजळीत आलं, आणि त्यावरचा कोर्टातला वाद मिटायला १९३७ उजाडलं. दहावीची परीक्षा तेव्हा मार्चमधलीच. त्यामुळे आमचे पेपर आणि वीस मार्चची गर्दी एकमेकांच्या आगेमागे येत. लांबलांबहून आलेली माणसं रात्री आमच्या ओट्यावर पथारी टाकत. आतल्या खोलीत मी इतिहासाचं २१ अपेक्षित घोकत होतो. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "काय वाचतोस बाळा?" मी चवदार तळ्याची टीप म्हणून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "एवढंच?" टीप तीन गुणांची होती.

गॅदरिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सगळीकडे असतं तसंच. फक्त एक नियम आमच्याकडे होता. तानाजीचं काम पोलादपूरकडच्या मुलालाच द्यायचं. उमरठ त्यांच्या तालुक्यात, समाधी त्यांच्याकडे, तेव्हा त्यावर कुणाची हरकत चालत नसे. आमच्या वर्षी वाट्याला आलेला तानाजी इतका किडकिडीत होता की उदेभानाने पहिल्या वारातच त्याला आडवा करू नये म्हणून सरांना मध्ये विंगेतून ओरडावं लागलं. उदेभान पेठेतला होता, वडिलांचं भुसार मालाचं दुकान, अंगापिंडाने चांगला. तो नंतर म्हणाला, "मी थांबलो म्हणून तुमचा सिंहगड आला." हे त्याचं वाक्य मात्र कुठल्याही पुरात वाहून गेलेलं नाही.

मग पांगापांग. पोलादपूरची बरीचशी मुंबईला, काही सुरत-बडोद्याला. पेठेतली काही पेठेतच, काही बिरवाडीच्या कारखान्यांत. पुढे मोबाईलवर ग्रुप झाला. मुलगे आठवड्याभरात गोळा झाले. मुलींना जमवायला वर्ष लागलं. आडनावं बदललेली, काहींची सासरी नावंही बदललेली. मग माहेरच्या गावाहून, भावाकडून, भावाच्या मेहुण्याकडून असा माग काढत जावं लागलं. मी "मुली" म्हणतोय, पण त्यांतल्या दोघी आता आज्या आहेत. शाळेत पाच वर्षं आम्ही त्यांच्याशी एक वाक्य बोललो नव्हतो. पहिलं वाक्य ग्रुपवर झालं, आणि ते "शुभ सकाळ" होतं.

हा ग्रुप एरवी फुलं, सुविचार आणि वाढदिवस यांनी वाहत असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला, दोन एसट्यांसकट. आमची पोलादपूरची मुलं ज्यावरून शाळेत यायची तोच पूल. सकाळी आमच्या जुन्या मॉनिटरने एकाएकी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव नाही, आडनाव नाही, नुसते क्रमांक. एक. दोन. तीन. आणि ज्याचा त्याचा क्रमांक ज्याला त्याला पाठ निघाला. शाळेत सदा गैरहजर असलेला एकजण दुपारनंतर उगवला: "मी वीस वर्षं सुरतेला आहे रे, पण हजर." पुढे २२ जुलै २०२१ ला महाड पुन्हा बुडालं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला तेच. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. त्या खेपेला हजेरी पुरी व्हायला दिवस लागले. पुरी झाली.

त्यानंतरच कुणीतरी म्हणालं, एकदा सगळे भेटू या. ते मे महिन्यात ठरलं, कारण चाकरमानी मेमध्ये येतात. महाडला हॉल घेतला. वर्गणी माणशी दीड हजार. जेवणात नाचणीची भाकरी 'खास' म्हणून लावली होती. शाळेत पोलादपूरची मुलं तीच भाकरी डब्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवून संपवत. सरांना शाल आणि श्रीफळ झालं. भाषणं झाली. आणि गंमत म्हणजे, कुणी न सांगता पुरुष खिडकीकडच्या बाजूला बसले आणि बायका दाराकडच्या. वर्गात बसायचो तसेच.

भाषणांत सातांपैकी चौघांनी आपला पहिला नंबर जाहीर केला. सर ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण त्यांना नेमकं तेवढं ऐकू आलं. माइक मागून घेत ते म्हणाले, "आठवीपासून दहावीपर्यंत पहिला नंबर एकाच मुलीचा होता. वरंधची. आलीय का?" दाराकडच्या बाजूने एक बाई उठल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. सगळे वळून बघायला लागले. मी नंतर विचारलं, "इतकी वर्षं ग्रुपवर आम्ही काय काय लिहीत होतो, तू एकदाही बोलली नाहीस?" ती म्हणाली, "वाचायला मजा येत होती."

यावर काही सारवासारव करणार, एवढ्यात कुडपणचा आमचा मित्र पिशवीतून फोटो काढता झाला. निरोप समारंभाचा, अख्ख्या वर्गाचा, काचेच्या चौकटीसकट. पेठेतल्या एकाही घरात तो उरलेला नाही. पण कुडपण डोंगरात. तिथे पाणी चढत नाही. त्याच्या आईने तो देवांशेजारी भिंतीवर लावला होता आणि गणपतीत देवांबरोबर पुसतही होती. ज्या मुलाला आम्ही पाच वर्षं 'वरचा' म्हणून चिडवलं, त्याच्याभोवती आता सगळे महाडकर चष्मे सारखे करत उभे राहिले. ज्यांनी आपण शाळेत पहिल्यापासून उंच असल्याचं सांगितलं होतं ते पुढच्या ओळीत मांडी घालून बसलेले दिसले. तानाजी आणि उदेभान शेजारी उभे होते. नात्याचा सबबवाला नेमका त्या दिवशी आला नव्हता. त्याची एसटी चुकली होती म्हणे.

फोटोतला प्रत्येकजण ओळखता आला, एक सोडून. मागची ओळ, डावीकडून तिसरा. पांढरा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा आनंदी चेहरा. मोरे लोहारे म्हणाला, हा मोरे सवाद. मोरे सवाद शेजारीच उभा होता; तो म्हणाला, मी इकडे आहे. कुणी म्हणालं, शिपायाचा भाचा. कुणी म्हणालं, फोटोग्राफरचा मदतनीस, मधली जागा भरायला उभा केलेला. मॉनिटरने हजेरीचे सगळे क्रमांक फोटोवर लावून पाहिले, तेव्हा हा उरला. सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "मुलगा चांगला होता." नाव त्यांनाही सांगता आलं नाही. पहिली आलेली बाई म्हणाली, हा आमच्या वर्गात कधीच नव्हता. पण तिच्यावर तोवर सातजणांचा राग असल्यामुळे ते कुणी मान्य केलं नाही.

आमचा हिशेब पाहणारा मित्र पतपेढीत होता. त्याने आठवड्याने ग्रुपवर जमाखर्च टाकला: हॉल, जेवण, शाली, नारळ, सरांची रिक्षा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "वर्गणी येणे बाकी: मागील ओळ, डावीकडून तिसरा, रु. १,५००." मी खाली लिहिलं, अरे, तो बहुधा आपल्यातला नव्हताच, सोडून दे. त्याचं उत्तर लगेच आलं: "फोटोत आहे म्हणजे सभासद आहे. आधी नाव लावा, मग निर्लेखित करतो."