रीडरवाले अध्यक्ष

"शुभदा, ये जरा कुंपणापाशी. स्वातीने ओहायोहून फोटो पाठवलेत."

"कसले हो काकू? बर्फाचे?"

"छे गं, टेबलाचे! आठ कोनांचं, वरची फळी गरगर फिरणारी. तिथल्या ऑक्सफर्ड गावात मायामी युनिव्हर्सिटी आहे ना, तिथले प्रोफेसर विल्यम मॅकगफी, त्यांचं. त्यांच्या घराचं आता म्युझियम केलंय. चौदाव्या वर्षी मास्तर झालेला माणूस, आणि शाळा कुठे? कलकत्त्याला!"

"आपल्या?"

"ओहायोतल्या गं. एका खोलीत 48 पोरं! पुढे सिनसिनाटीच्या प्रकाशकांना मुलांसाठी वाचनमाला हवी होती. आधी कॅथरिन बीचरबाईंना विचारलं, त्यांनी यांचं नाव सुचवलं. शेजारची पोरं गोळा करून धडे वाचून घ्यायचे म्हणे, कुणाला कुठवर झेपतं ते बघायला. पहिली दोन रीडरं 1836ला आली."

"म्हणजे आपल्या दादोबा पांडुरंगांचं व्याकरण निघालं त्याच साली!"

"हो ना. त्याच साली हे सिनसिनाटी कॉलेजचे अध्यक्षही झाले. ते कॉलेज डबघाईला आलं, मग 1839ला ओहायो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष. तिथल्या जमिनी लोकांना भाडेपट्ट्याने दिलेल्या, आणि युनिव्हर्सिटीला भाडं वाढवून हवं. गाव असं खवळलं, की यांच्यावर चिखल फेकला म्हणतात!"

"अगंबाई! अध्यक्षांवर?"

"वर विधिमंडळानेही गावाचीच बाजू घेतली. 1843ला राजीनामा. दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीलाच काही काळ टाळं लागलं."

"पण पुस्तकांवर बक्कळ कमावलं असेल."

"कसलं! करारात रॉयल्टी हजार डॉलरपर्यंतच, पुढे काही नाही. प्रती खपल्या 12 कोटींच्या घरात, आणि माया जमवली प्रकाशकांनी. त्यात 1838ला दुसऱ्याच्या रीडरातले धडे उचलल्याचा दावा झाला, तो कोर्टाबाहेर मिटवावा लागला."

"नाव तरी राहिलं ना?"

"राहिलं तर! मोटारवाला हेन्री फोर्ड याच रीडरांवर शिकलेला. त्याने मॅकगफी जन्मले ते पेनसिल्व्हेनियातलं लाकडी घर उचलून मिशिगनला आपल्या ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये नेलं. अध्यक्षपदाची आठवण कुणाला आहे?"

"मग शेवटी केलं काय त्यांनी?"

"1845ला व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत नीतिशास्त्र शिकवायला गेले ते 1873ला वारेपर्यंत तिथेच. खुर्ची नको, फळा बरा. पोरांना वाचायला लावणं वेगळं आणि गावाकडून भाडं वसूल करणं वेगळं. आपल्याकडेही तेच, चांगला शिकवणारा दिसला की बसवलाच त्याला फायलींपुढे."

"आमच्या ह्यांना सांगा हो हे. प्रभारी प्राचार्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेत!"